उजवा कौल

जुलै अर्धा सरला की कुवेतच्या मासळीबाजारात पापलेट येतं. इथे त्याला झुबेदी म्हणतात. तोवर ते पकडायला बंदी असते. मग एक दिवस बंदी उठते आणि बाजारातले विक्रेते घरात लग्न निघाल्यासारखे उत्साहाने ओरडू लागतात. बाहेर गाडीच्या दाराला नुसता हात लावला तरी चटका बसेल असं ऊन, आणि आत बर्फाच्या ढिगावर ते चंदेरी, गोल, बटबटीत डोळ्यांचे मासे. हवल्लीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात त्या आठवड्यात मजल्यागणिक वास बदलतो. खाली इजिप्तच्या कुटुंबाचं जिरं-लसूण, मध्ये मल्याळ्यांचं खोबरेल, वर आमचं तिरफळ. मला पापलेट आवडतं. तरी दरवर्षी पहिला तुकडा तोंडात घातला की माझं तोंड कडू होतं, आणि नवरा बिचारा विचारतो, "मीठ कमी पडलं का गं?"

मीठ बरोबर असतं. अडचण अशी आहे की ह्याच दिवसांत आमच्या गावचा समुद्र बंद असतो.

समुद्र बंद असतो म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणात कुणी होडी पाण्यात घालत नाही. होड्या वाळूवर पार वर ओढून घेतात, त्यांच्यावर माडाची झापं रचतात, आणि जाळी घरात आढ्याला टांगतात. समुद्र मातकट होऊन नुसता गुरगुरत असतो. आणि कुवेतच्या भारतीय शाळांना सुट्टी नेमकी तेव्हाच लागते. त्यामुळे आखातात वाढलेल्या कोकणी पोरांची एक गंमत झालेली आहे. घरी आईबाप समुद्राची इतकी वर्णनं करतात, पण पोरांना तो दिसतो तेव्हा दुकानाचं शटर ओढलेलं असतं.

मला तर तोही दिसला नव्हता. आम्ही सुट्टीत जायचो ते पुण्याला, आईच्या माहेरी. आई जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात नर्स होती, बाबा एका कंपनीत ड्राफ्ट्समन. बाबांचं गाव देवगडच्याही पुढे, थेट समुद्रावर. तिकडे न्यायचा विषय निघाला की बाबांकडे कारण तयार असायचं. रस्ता वाहून गेलाय, काकांचं घर गळतंय, पोरांना पाणी बाधेल. पण गोष्टी मात्र तिकडच्याच. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. शुक्रवारी संध्याकाळी गल्फ रोडच्या कडेला चटई टाकायची, थर्मासमधला चहा काढायचा, आणि समोरच्या शांत, सपाट पाण्याकडे बघत बाबा नाक मुरडायचे.

"हा कसला समुद्र? हा हौद आहे. समुद्र आमच्याकडे."

मग खळ्यातून दिसणारी लाट, रात्री उशीखाली ऐकू येणारी गाज, सड्यावरचा वारा, शेवग्यावर चढून पडलेला काका, हे सगळं सुरू व्हायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू इंग्रजीत प्रश्न विचारायचो, बाबा मराठीत उत्तरं द्यायचे. सगळ्यात मला आवडायची ती देवाची गोष्ट.

"आमचा देव बोलतो," बाबा म्हणायचे.

"बोलतो म्हणजे?"

"विचारलं की उत्तर देतो. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. लग्न करू का, विहीर कुठे खणू, सगळं. त्याला विचारल्याशिवाय गावात काही होत नाही."

मला हे फार थोर वाटायचं. मोठी माणसं कधीच धड उत्तर देत नाहीत, हा माझा तोवरचा अनुभव. विचारलं की सांगणारा देव आपल्या मालकीचा आहे, ह्याचा मी वर्गात तोरासुद्धा मिरवला होता. माझ्या पॅलेस्टिनी मैत्रिणीने विचारलं होतं, तो अरबीत बोलतो का? मी म्हटलं, त्याला सगळं येतं.

नव्वदच्या युद्धात पळालो तेव्हा मी सहा वर्षांची होते. बसमधून इराक, मग जॉर्डनचं वाळवंट, तंबू, पाण्याच्या रांगा, मग विमान. परत आलो तेव्हा घरातला पंखासुद्धा कुणीतरी काढून नेला होता. त्यानंतर बाबा बदलले, असं आई म्हणते. बातम्या लागल्या की ते उभे राहून बघायचे. मधे एकदा पुन्हा सरहद्दीवर फौजा आल्याची बोलवा उठली, तेव्हा त्यांनी चार दिवस बुटांचे बंद सोडले नाहीत. हे मी आता सांगते आहे ते त्यांची बाजू मांडावी म्हणून नव्हे. ती बाजू घरात इतक्यांनी इतक्या वेळा मांडून झाली आहे की मला ती पाठ आहे.

शहाण्णवच्या जूनमध्ये बाबा एकाएकी म्हणाले, "यंदा पुणं नको. गावी जाऊ."

मी आनंदाने दिवाणावर उड्या मारल्या होत्या.

गावाचा पहिला दिवस मला अजून अंगावरच्या कपड्यासारखा आठवतो. एसटीतून उतरलो तर आधी वास आला, कुजलेल्या पानांचा, खारट, जरासा सुक्या मासळीचा. मग आवाज. बाबा खोटं बोलले नव्हते, गाज खरंच उशीखाली यायची. घर उतरत्या कौलांचं, ठेंगणं, पुढे शेणाने सारवलेलं खळं. काका बाबांहून मोठे, उघडे, खांद्यावर पंचा. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली.

"काय गो बाय, दर्या बघूक इलंस?"

मला निम्मं कळलं नाही, पण मी मान डोलावली. काकीने मला जवळ घेतलं तेव्हा तिच्या लुगड्याला चुलीचा वास होता. तिला मूलबाळ नव्हतं. तेव्हा त्याचा अर्थ मला लावायचं कारण नव्हतं.

त्या आठवड्यात मी जितकी सुखी होते तितकी आयुष्यात फार कमी वेळा झाले असेन, आणि राग त्याचाच येतो. कोणीतरी ते सुख खोटं होतं म्हणून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी चिखलात पाय घालून फिरले, आठळ्या भाजून खाल्ल्या, विहिरीवरच्या रहाटाला लोंबकळले. झापांखाली झाकलेल्या होड्यांच्या पोटात शिरून मी आणि नंदू घर-घर खेळलो. आत डांबराचा वास यायचा आणि अंधार असायचा. कुवेतच्या फ्लॅटमध्ये लपायला कधी जागाच नव्हती. संध्याकाळी मोठी माणसं खळ्यात बसून हळू आवाजात बोलायची आणि मी जवळ गेले की विषय पेजेवर यायचा. मला वाटलं, गावची माणसं पेजेबद्दल फार बोलतात.

एका सकाळी आईने मला नवा फ्रॉक घातला. "देवळात जायचंय," बाबा म्हणाले. नंदूला घरीच ठेवलं. मला वाटलं मी मोठी आहे म्हणून मला नेतात, आणि मी त्याला जीभ काढून दाखवली.

देऊळ माडांच्या गर्दीत, बुटकं, आत दिवसासुद्धा समई लागलेली. देव म्हणजे तुळतुळीत काळा पाषाण. डोळे चांदीचे. गुरवाने देवाच्या अंगावर पाणी शिंपडलं, आणि मग तगरीच्या ओल्या कळ्या एकेक करून त्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या. बाबा माझ्या कानाशी वाकले.

"बघ, आता आपण देवाला विचारायचं. उजवीकडची कळी पडली तर देव हो म्हणाला. डावीकडची पडली तर नाही."

"काय विचारायचं?"

"आपल्या घराचं चांगलं व्हावं म्हणून. तू मन लावून माग. उजवी दे म्हण. लहान मुलांचं देव ऐकतो."

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. मालवणीत, एका दमात, इतक्या वेगात की मला त्यातला 'कुवेत' एवढा एकच शब्द कळला. मला वाटलं, हवल्लीतल्या आमच्या घराचं भलं मागताहेत. मधून मधून काका आणि बरोबरचे लोक "व्हय म्हाराजा" म्हणायचे, मीही ओरडून म्हणू लागले. मग सगळे गप्प झाले. समईचा आवाज येईल इतके गप्प. मी हात जोडले, डोळे उघडे ठेवले, कारण देव बोलताना बघायचा होता, आणि जितका जीव माझ्यात होता तितका सगळा लावून मागितलं. उजवी दे. उजवी दे. प्लीज उजवी दे. मध्ये इंग्रजीतही मागितलं, कोणत्या भाषेत लवकर पोचेल ते माहीत नव्हतं म्हणून. कळ्या हलत नव्हत्या. बाबांच्या कपाळावर घाम होता. मग उजव्या खांद्यावरची कळी जराशी घसरली, थांबली, आणि टपकन खाली पडली.

मी टाळ्या वाजवल्या. देवळात टाळ्या वाजवणारी मी एकटीच होते. काकीने पदराने डोळे पुसले, मला वाटलं आनंदाने. ते अश्रू आनंदाचेच होते म्हणा. आई दाराबाहेर बघत होती. गुरवाने ती कळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"घे गो चेडवा. तुझोच प्रसाद."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जेवणं झाल्यावर काकी म्हणाली, चल, तुला कालवं कशी काढतात ते दाखवते. खाडीच्या अंगाला, खडकांवर. आम्ही कोयता घेऊन गेलो. काकी त्या दिवशी फार सावकाश चालत होती, प्रत्येक खडकाशी थांबत होती. मी बोट कापून घेतलं, तिने त्यावर कसलासा पाला चोळला. परत आलो तेव्हा खळ्यात काका एकटे बसले होते. आतल्या खोलीत चार बॅगा होत्या त्यातली एक होती. माझी.

"आई कुठंय?"

काकांनी पंचा खांद्यावरून काढला, घडी केली, पुन्हा टाकला.

"गेली गो ती. तुझो बापूस पण गेलो. तू आता हयच रवतलंस. देवान कौल दिल्यान हा मां, तुझ्यासमोरच दिल्यान."

मी रस्त्यापर्यंत पळत गेले. रस्त्यावर काही नव्हतं. मग मी होडीच्या पोटात जाऊन बसले. काकी बाहेर वाळूवर भिजत बसून राहिली, पण आत आली नाही आणि हाकही मारली नाही. ती समजूतदार बाई होती. मला त्या दिवशी तिच्या समजूतदारपणाचीही चीड आली होती.

पुढचं सगळं व्यवस्थित झालं. आमच्याकडे सगळं व्यवस्थितच होतं. गावच्या हायस्कुलात माझं नाव आधीच घातलेलं होतं. मी 'ळ' म्हणायला गेले की वर्ग हसायचा. दर शुक्रवारी वाडीतल्या एकुलत्या फोनवर बाबांचा फोन यायचा. काका मला घेऊन अर्धा तास आधी जाऊन बसायचे. एकदा जुलैत बाबा म्हणाले, "अगं, झुबेदी आलंय बाजारात. नंदूने दोन खाल्ले." मागे नंदू काहीतरी इंग्रजीत ओरडत होता. मी आईला द्या म्हटलं. आईने फोन घेतला आणि एसीच्या घरघरीतून विचारलं, तिकडे पाऊस किती आहे.

नंदूला का नाही ठेवलं, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं कुणाला विचारला नाही. उत्तरं मला ठाऊक होती. तो लहान होता. तो मुलगा होता. मुलीला आपली भाषा, आपली माणसं हवीत. पुन्हा पळायची वेळ आली तर निदान एक तरी जमिनीवर हवं. प्रत्येक उत्तर एकेकटं बघितलं तर बरोबर वाटतं. सगळी एकत्र केली की मला माझी बॅग दिसते.

कुवेतच्या पोरांना एक गोष्ट न शिकवता माहीत असते. सहा महिने देशाबाहेर राहिलं की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपतो. मला ते माहीत होतं. म्हणून मी नारळी पौर्णिमेला समुद्र उघडला तेव्हाही वाट बघत होते. सगळा गाव किनाऱ्यावर जमला, होड्यांना हळद-कुंकू लावलं, पाण्यात नारळ सोडला. समुद्र निवळला होता, निळा झाला होता, अगदी गल्फ रोडच्या त्या हौदासारखा. काकी म्हणाली, काहीतरी माग. मी म्हटलं, मागून झालं माझं. दसरा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात कधीतरी माझा इकामा संपला असणार. त्या दिवशी आम्ही घावणे खाल्ले असतील, किंवा मी गणितं केली असतील. काहीच झालं नाही.

काका-काकीने मला जीव लावला. हे मी लिहिते, कारण ते खरं आहे आणि ते दोघे आता नाहीत. काकीने माझ्या परीक्षांच्या वेळी चहा करून उशाशी बसून रात्री काढल्या. पण कुणी जीव लावला म्हणून कुणी आपल्याला विचारलं होतं, असं होत नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि आमच्या घरात पहिला दाखवून दुसरा मिटवायची पद्धत आहे.

देवळात मात्र मी परत पाऊल टाकलं नाही. पालखी दारात आली की मी मागच्या दाराने बाहेर. लग्न झाल्यावर जोडीने पाया पडायला न्यायची रीत, तर मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. लोक म्हणाले, कुवेतची ती, तिकडची हवा डोक्यात गेली. मी बाबांवर जितकी रुसले होते त्याहून देवावर जास्त रुसले होते. बाबा माणूस होते, घाबरले होते. पण तो बोलणारा देव, त्याला कळत नव्हतं? एक मूल डोळे उघडे ठेवून, काय मागतंय ते न कळता, एवढ्या कळवळ्याने मागत होतं, आणि त्याने खुशाल उजवी दिली. मला वाटायचं, हा तर बाबांहून लबाड.

मी फिजिओथेरपी शिकले, लग्न केलं आणि पहिली संधी मिळताच कुवेतला आले. त्याच जाब्रियात, जिथे आई काम करायची. लोक म्हणतात, बघ, शेवटी आलीसच ना इथे. मी त्यांना काय सांगू की मी आले ते बारा वर्षांच्या मुलीला न्यायला आले, आणि ती इथे नव्हती. हवल्लीत आम्ही लहानपणी राहायचो ती इमारत पाडून नवीन झाली आहे. माझी पॅलेस्टिनी मैत्रीण कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही.

मागच्या जुलैत बाबा महिनाभर आमच्याकडे आले होते. निवृत्त होऊन पुण्याला असतात, आईबरोबर. आईला विमान झेपत नाही, ती आली नाही. शुक्रवारी मी झुबेदी आणलं, आणि आमच्याच इमारतीतल्या इस्माईलचाचांना जेवायला बोलावलं. चाचा दापोलीकडचे, अम्गऱ्यात त्यांची लाकडाची वखार आहे. दोघे म्हातारे एका किनाऱ्याचे निघाले, मग काय विचारता. खाडी, कालवं, कोणत्या बंदरात कोणाची गलबतं लागायची, ह्यावर भाताची दोन ताटं उठली. बाबा इतके खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मलाही बरं वाटत होतं, खोटं का बोलू.

"आमचा देव फार कडक, चाचा," बाबा म्हणाले. "आता हिचंच घ्या. हिला गावी ठेवायचं ठरवलं तेव्हा मी कौल लावला. तर डावी! सरळ डावी दिली त्याने."

माझ्या हातात कालथा होता.

"मग?" चाचांनी विचारलं.

"मग काय, मी तर खचलोच. पण गुरव जुना, मुरलेला. म्हणाला, उद्या चेडवाला घेऊन या. तिलाच मागू दे. पोराचं देव मोडत नाही. दुसऱ्या दिवशी हिला नेलं. आणि दिली ना उजवी! अशी टाळ्या वाजवत होती ही, तुम्हाला सांगतो..."

बाबा हसत होते. चाचांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"पण भाऊ," ते हळू म्हणाले, "त्याने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, नको म्हणून?"

"अहो, शेवटी दिलीच ना त्याने."

"बाबा," मी म्हटलं, "दोन्ही दिवशी विचारलं होतं ते एकच होतं?"

"एकच तर. दुसरं काय विचारणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पुढे सरेना. "आता ते काय घेऊन बसलीस. तुझ्या भल्यासाठीच..."

नवऱ्याने विषय बदलला. चाचांनी भात पुन्हा घ्यायला नकार दिला, पाणी प्यायले, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. बाबा आत जाऊन आडवे झाले.

मी ओट्याशी उभी राहिले. सगळ्या गावात, सगळ्या खळ्यात, आईबाप, काका-काकी, हायस्कुलातले मास्तर धरून, त्या मुलीला इथे ठेवू नका असं म्हणणारा एकच निघाला होता. कुणी न सांगता, कुणी न मागता त्याने नाही म्हटलं होतं. मग त्यांनी मलाच त्याच्यासमोर उभं केलं, माझ्याच तोंडून त्याला त्याचं 'नाही' परत घ्यायला लावलं, आणि त्यानंतर इतकी वर्षं मी रुसले ती त्याच्यावर.